दोन गुणांमधले २५ सेकंद

लोणावळ्यात जून लागला की टेनिस संपते. निदान कोर्टावरचे तरी. मुरमाच्या कोर्टावर पहिल्या आठवड्यातच पाणी साचते, चुन्याच्या रेघा वाहून जातात, नेट उतरवून, गुंडाळून माळ्यावर टाकले जाते. वर्षाला सरासरी ४००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या गावात दसऱ्यापर्यंत रॅकेटच्या मुठीला बुरशी येऊ न देणे एवढेच खेळणाऱ्याच्या हाती उरते. मुंबई-पुण्याची मंडळी त्या दिवसांत भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भिजायला येतात. आम्ही गावातली माणसे मात्र कोरडी जागा शोधत असतो.

आमच्या घरामागे मोटारीची एक जुनी शेड आहे. मोटार केव्हाच विकली, शेड राहिली. तिच्या भिंतीवर जमिनीपासून तीन फुटांवर मी खडूने एक आडवी रेघ मारली आहे. शनिवारी दुपारच्या लोकलने माझी अकरा वर्षांची नात आपल्या आईबरोबर पुण्याहून येते, चहाबरोबर दोन बिस्किटे तोंडात कोंबते आणि त्या भिंतीसमोर उभी राहते. बाहेर पत्र्यावर पावसाचा ताशा आणि आत चेंडूचा ठेका. भिंतीवर ती सुरेख खेळते. सलग साठ-सत्तर फटके रेघेच्या वर, एकही चूक नाही.

मागल्या पावसाळ्यात एकदा ती मध्येच थांबली आणि म्हणाली, ‘‘आबा, भिंतीवर माझं सगळं बरोबर येतं. मग मॅचमध्ये मला होतं काय?’’

मी लगेच उत्तर दिले नाही. हा प्रश्न मी स्वतःला गेली तीस-बत्तीस वर्षे विचारतो आहे, आणि त्याचे एक चुकीचे उत्तर मी पूर्वी एकदा दिलेलेही आहे. त्या चुकीची किंमत मी नव्हे, तर शेडच्या दारात कप घेऊन उभ्या असलेल्या तिच्या आईने मोजली होती. त्याबद्दल पुढे लिहीनच. आधी टेनिसबद्दल.

१९९३ साली बँकेने मला लोणावळ्याच्या शाखेत अधिकारी म्हणून पाठवले. नंतर बदल्या होत राहिल्या, पण बिऱ्हाड इथेच राहिले. त्या वेळी गावात एका मुंबईकर शेटजींच्या बंगल्यामागे एक कोर्ट होते. शेटजी येत दिवाळीत आणि मे महिन्यात. एरवी सकाळी गावातल्या चार-सहा जणांना तिथे खेळायची मुभा होती. कोर्टाची निगा राखायला एक मार्कर होता. टेनिसच्या जगाबाहेरच्या वाचकांना हा शब्द अपरिचित असेल. मार्कर म्हणजे पगारावर ठेवलेला, कोर्टावर रोलर फिरवणारा, रेघा आखणारा आणि मालक किंवा सभासद येतील तेव्हा त्यांच्याबरोबर खेळून त्यांना सराव देणारा माणूस. नावाला नोकर, प्रत्यक्षात गुरू. आपल्याकडच्या कित्येक साहेबलोकांनी टेनिसची बाराखडी अशाच एखाद्या मार्करकडून गिरवली आहे आणि त्याचे नाव कुठल्याही फलकावर लागलेले नाही.

आमचा मार्कर लोहगडाच्या पायथ्याच्या एका गावातला. लहानपणी चेंडू वेचायला म्हणून आला आणि वेचता वेचता खेळ शिकला. इंग्रजी शब्द त्याला मोजकेच येत, पण फटका बघून तो माणसाचे निदान करी. पहिल्या दिवशी मी जिवाच्या आकांताने चार चेंडू बंगल्याच्या आमराईत धाडले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, ‘‘सायेब, चेंडूला मारायचं न्हाय. त्याला यिऊ द्या. आला की फकस्त वाट दावायची.’’

पुढे मी टेनिसवरची बरीच पुस्तके वाचली. तंत्राची सगळी प्रकरणे या तीन वाक्यांचा विस्तार आहेत असे माझे मत झाले आहे. ‘येऊ द्या’ म्हणजे काय? तर समोरच्याने चेंडू मारण्याच्या क्षणी आपण दोन्ही पायांवर एक बारीकशी उडी घेऊन सावध व्हायचे, चेंडूची दिशा कळताच खांदे वळवायचे आणि चेंडू आपल्या बाजूला टप्पा घेण्याआधी रॅकेट मागे गेलेली असायची. नवशिक्याचे नेमके उलटे होते. चेंडू टप्पा घेतो, मग तो जागा होतो, मग हात मागे नेतो, आणि तोवर उशीर झालेला असतो. उशीर झाला की माणूस जोर लावतो. जोर हा बहुतेक वेळा उशिराचा दंड असतो.

‘वाट दावायची’ म्हणजे चेंडू शरीराच्या पुढे, कमरेच्या आसपासच्या उंचीवर गाठायचा आणि रॅकेट खालून वर नेत फटका पुरा करायचा. त्यामुळे चेंडूला पुढची फिरकी मिळते. तो नेटवरून चांगला तीन-चार फूट उंच जातो आणि तरीही पलीकडे खाली झुकतो. नेटला घासून जाणारा फटका दिसायला देखणा, पण त्यात शिल्लक काहीच नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर खाते शून्यावर ठेवून धनादेश फाडण्यासारखे आहे ते. एखादा वटेल, दुसरा परत येईल.

सर्व्हिसचा धडा याहून मजेशीर होता. पहिले पंधरा दिवस त्याने मला सर्व्हिस मारूच दिली नाही. नुसता चेंडू वर उडवायचा. पुढच्या पायासमोर जमिनीवर रॅकेट आडवी ठेवायची आणि उडवलेला चेंडू सोडून दिला तर त्या रॅकेटवरच पडला पाहिजे. मला हा अपमान वाटे. शाखेत माझ्या सहीने कर्जे मंजूर होतात आणि इथे मी पोरासारखा चेंडू उडवतो आहे! पण विचार करा, टेनिसमधला हा एकच फटका असा आहे की ज्यात प्रतिस्पर्ध्याचा काहीही संबंध नाही. चेंडू आपल्याच हातात असतो आणि आपणच तो वर उडवतो. तोच जर वेडावाकडा उडाला, तर पुढचे सगळे सावरासावरीचे होते. रॅकेट हातोडी धरावी तशी धरायची आणि दुसरी सर्व्हिस भीत भीत ढकलायची नाही. हात तितक्याच वेगाने फिरवायचा, फक्त ताकदीऐवजी फिरकी जास्त द्यायची.

लहान मुलांच्या बाबतीत एक गोष्ट पालकांनी जरूर ध्यानात घ्यावी. आठ वर्षांच्या मुलाच्या हाती मोठ्यांचा पिवळा चेंडू दिला तर तो त्याच्या डोक्यावरून उसळतो आणि बिचारे पोर उड्या मारत वेड्यावाकड्या सवयी लावून घेते. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१२ पासून दहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या स्पर्धांत कमी वेगाचे, कमी उसळणारे चेंडूच वापरायचे असा नियम केला आहे. लाल, नारिंगी, हिरवा अशा पायऱ्या आहेत त्याच्या. तरी ‘‘आमचा थेट मोठ्या चेंडूनेच खेळतो’’ असे अभिमानाने सांगणारे वडील मला दर रविवारी भेटतात.

तंत्रानंतर डावपेच. इथे माझा बँकेचा अनुभव कामी आला. सामना संपला की मी वहीत दोन रकाने मांडू लागलो. डावीकडे प्रतिस्पर्ध्याने स्वतःच्या कर्तबगारीवर मिळवलेले गुण, उजवीकडे मी आपण होऊन दिलेले. महिनाभराने बेरीज पाहिली आणि हबकलो. गमावलेल्या चार गुणांपैकी तीन मी दान केलेले होते! माझा प्रतिस्पर्धी, म्हणजे गावातले एक सत्तरीचे वकील, ज्यांना मी ‘फटका नसलेला माणूस’ म्हणत असे, ते काही न करता मला हरवत होते. त्यांना फक्त एक चेंडू माझ्यापेक्षा जास्त परत करायचा असे.

हौशी टेनिसमधले पहिले धोरण हेच आहे. चमकदार फटक्यांनी सामने क्वचित जिंकले जातात, चुकांनी मात्र रोज हरले जातात. आणि चुका कमी करायला भूमिती मदतीला येते. कोर्टाची लांबी ७८ फूट, एकेरीची रुंदी २७ फूट. नेट दोन्ही टोकांना साडेतीन फूट उंच, पण मधोमध तीनच फूट. म्हणजे कोपऱ्यातून समोरच्या तिरप्या कोपऱ्यात मारलेला चेंडू नेटच्या सखल भागावरून जातो आणि त्याला सरळ रेषेपेक्षा सुमारे साडेचार फूट जास्त जागा मिळते. शिवाय आपल्याला कोर्टाच्या मध्यावर परतायला कमी धावावे लागते. शंका असेल तेव्हा तिरपा मारा. सरळ रेषेतला फटका चेंडू आखूड आला आणि आपले पाय स्थिर असले तरच.

दुसरे धोरण मार्करने मला एका रविवारी लोहगडावर नेऊन दाखवले. समोर विसापूर दिसतो. तो लोहगडापेक्षा उंच. १८१८ साली इंग्रजांनी आधी विसापूर घेतला आणि मग लोहगड जवळजवळ न लढताच त्यांच्या हाती आला. मार्कर म्हणाला, ‘‘आधी जागा, मग मार.’’ टेनिसमध्ये उतावळा खेळाडू आधी मार मारतो आणि मग जागा शोधत बसतो. प्रतिस्पर्ध्याला खोल चेंडू टाकून बेसलाइनच्या मागे रेटायचे, त्याचा फटका आखूड पडेल याची वाट बघायची आणि मग पुढे जाऊन नेट गाठायचे. उंचावरचा किल्ला ताब्यात आल्यावर तोफ लहान असली तरी चालते.

इथवर सारे ठीक. तंत्र भिंतीवर शिकता येते, डावपेच वहीत मांडता येतात. मग नातीच्या प्रश्नाचे काय? भिंतीवर येणारा फटका सामन्यात जातो कुठे?

एखादा सामना घड्याळ लावून बघा. दीड-दोन तासांच्या सामन्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो काळ फार थोडा, ढोबळ मानाने पाचवा हिस्सा. उरलेला सगळा वेळ माणूस चालत असतो, चेंडू उचलत असतो, घाम पुसत असतो. आजच्या नियमाप्रमाणे दोन गुणांच्या मध्ये २५ सेकंद मिळतात, बाजू बदलताना ९० सेकंद. भिंतीला हे २५ सेकंद नसतात. तिथे एक चेंडू चुकला की दुसरा लगेच सुरू होतो. मन काही बोलायच्या आत हात कामाला लागलेला असतो. सामन्यात मात्र चूक होते आणि पुढचे २५ सेकंद आपण आणि आपले मन एवढेच कोर्टावर उरतो. ‘‘इतका सोपा कसा चुकला?’’, ‘‘आता हा गेम गेलाच’’, ‘‘लोक बघताहेत’’. पुढचा गुण सुरू होतो तेव्हा खांदे आवळलेले असतात, रॅकेट उशिरा मागे जाते आणि उशीर झाला की आपण जोर लावतो. म्हणजे तंत्र बिघडते ते फटका मारताना नव्हे, त्याच्या आधीच्या २५ सेकंदांत. आपण तंत्र, डावपेच आणि मन असे तीन वेगळे विषय करतो. त्या तिघांची गाठ याच फटीत पडते. खेळ सुधारायचा तर ही फट सांभाळायला शिकले पाहिजे, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

रॉजर फेडररने जून २०२४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात आपला जमाखर्च मांडला होता. कारकिर्दीत १५२६ एकेरी सामने, त्यांपैकी जवळजवळ ८० टक्के जिंकलेले. पण गुण? फक्त ५४ टक्के. म्हणजे जगातला एक सर्वश्रेष्ठ खेळाडू दर शंभर गुणांत ४६ वेळा हरत होता! मुख्य मुद्दा त्याने पुढे सांगितला : गमावलेला गुण मागे टाकून पुढच्या गुणाला पूर्णपणे भिडायला शिकावे लागते. आयुष्यभर ताळेबंद जुळवलेल्या माझ्यासारख्याला तर हा आकडा मंत्रासारखा वाटतो.

आपल्याकडची उदाहरणेही काही कमी नाहीत. १९९६ साली अटलांटाला कांस्यपदकाच्या लढतीत लिअँडर पेसने ब्राझीलच्या फर्नांडो मेलिजेनीविरुद्ध पहिला सेट ३-६ असा गमावला होता. पुढचे दोन सेट त्याने ६-२, ६-४ असे घेतले आणि आपल्या खाशाबा जाधवांच्या १९५२ मधल्या पदकानंतर ४४ वर्षांनी भारताला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळाले. महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसलेने २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासह मिश्र दुहेरीचे सुवर्ण मिळवले, तेही पहिला सेट २-६ असा गेल्यावर. दुसरा ६-३, आणि मग निर्णायक टायब्रेक १०-४. एका सेटमधून दुसऱ्या सेटमध्ये जाताना कोणाचाच फोरहँड नवा होत नाही. मधल्या क्षणांत मागचे मागे ठेवता आले, एवढाच काय तो फरक.

२०१९ च्या जानेवारीत बालेवाडीच्या महाराष्ट्र ओपनची अंतिम लढत मी पाहिली. केविन अँडरसन आणि ३९ वर्षांचा इव्हो कार्लोविच, दोघेही ताडमाड उंच. तीन सेट आणि तिन्ही टायब्रेकर! अँडरसन ७-६, ६-७, ७-६ असा जिंकला. लोक बिनतोड सर्व्हिसना टाळ्या देत होते. मी त्यांच्या सर्व्हिसआधीच्या हालचाली बघत होतो. गुण मिळो वा जावो, चाल तीच, चेंडू आपटणे तसेच. पूजेला बसलेल्या माणसाने पळी आणि पंचपात्र उचलावे तितके ठरलेले.

मनाच्या या तालमीसाठी लोणावळेकराला फार लांब जावे लागत नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली इथे कैवल्यधाम स्थापन केले. मूळचे ते जगन्नाथ गणेश गुणे; बडोद्याच्या प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यात घडलेले, म्हणजे आधी व्यायामपटू आणि मग योगी. आसने आणि प्राणायाम यांना त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक यंत्रे लावली, निष्कर्ष ‘योगमीमांसा’ या नियतकालिकात छापले. मी निवृत्तीनंतर रक्तदाबासाठी तिथे काही आठवडे प्राणायाम शिकायला जात होतो. तिथे ध्यानात आले, की श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात, हा शरीराचाच धर्म आहे. म्हणजे उच्छ्वास लांबवणे हा मनाला लगाम घालण्याचा सर्वांत सोपा आणि फुकट मार्ग. बोपण्णा २०२४ साली वयाच्या ४३ व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची पुरुष दुहेरी जिंकला. गुडघ्यांतली कूर्चा झिजलेली असताना आपल्याला अय्यंगार योगाने मोठा आधार दिला, असे त्याने सांगितले आहे. बी. के. एस. अय्यंगार म्हणजे आपल्या पुण्याचेच.

तर त्या २५ सेकंदांचे मी चार भाग केले आहेत. गुण संपला की नेटकडे पाठ फिरवायची. झाले ते झाले. मग चालत चालत दोन लांब उच्छ्वास. मग एकच निर्णय : सर्व्हिस कुठे टाकायची किंवा परतीचा फटका कुठे मारायचा. आणि शेवटी चेंडू ठरावीक वेळा आपटून सुरुवात. साठी ओलांडल्यावर माझा फोरहँड काही वेगवान झालेला नाही, पण वहीतला उजवा रकाना लहान झाला आहे.

आता ती राहिलेली गोष्ट.

माझी मुलगी त्याच मार्करच्या हाताखाली तयार झाली. तिचा बॅकहँड मला कधीच जमला नाही इतका सहज होता. २००१ साली, तेरा वर्षांची असताना, ती पुण्यात एका स्पर्धेत खेळत होती. तिसऱ्या सेटमध्ये ५-२ अशी पुढे. मी तारेच्या जाळीबाहेर उभा होतो. तिने एक सोपा फटका नेटमध्ये घातला आणि मी ओरडलो, ‘‘पाय हलव!’’ पुढच्या गुणानंतर तिने माझ्याकडे पाहिले. मी हाताने खुणा केल्या. त्यानंतर प्रत्येक गुण संपला की ती माझ्याकडे बघू लागली. तो सेट ती ५-७ असा हरली.

शिवाजीनगरहून आम्ही लोकल पकडली. मी खिशातून वही काढली. खडकी, दापोडी, पिंपरी, चिंचवड, एकेक स्टेशन मागे पडत होते आणि मी तिला तिच्या चुका वाचून दाखवत होतो. तळेगाव गेले, वडगाव गेले, कामशेत गेले. ती खिडकीतून बाहेर बघत होती. मळवलीला गाडी थांबली तेव्हा तिने मान वळवून विचारले, ‘‘बाबा, तुमची वही संपली का?’’ आवाजात राग नव्हता. दुसऱ्या दिवशी तिने रॅकेट कपाटावर ठेवली आणि पुन्हा कधी उतरवली नाही. मार्कर आठवडाभर रोज विचारत होता, ‘‘सायेब, ताई का येईना?’’ मी अभ्यासाचे कारण सांगितले.

त्या दिवशी मी काय केले हे समजायला मला बरीच वर्षे लागली. तिचे २५ सेकंद तिचे होते. चूक गिळायची, श्वास सोडायचा, पुन्हा उभे राहायचे यासाठीचे. प्रत्येक वेळी मी ते काढून घेतले आणि त्यांत माझी भीती भरली. आयुष्यभर लोकांच्या ठेवी सांभाळल्या आणि घरची ठेव अशी उधळली. वही वाईट नव्हती. स्वतःसाठी मांडलेला हिशेब शहाणपण देतो. तोच दुसऱ्यापुढे वाचला की आरोपपत्र होतो.

हे सगळे सांगण्याचे कारण, माझ्यासारखे बाप आणि आया आज पूर्वीपेक्षा जास्त आहेत. अकादम्या वाढल्या, फिया वाढल्या, आणि गुंतवलेल्या पैशांवर परतावा मागण्याची वृत्तीही वाढली. २०२५ पासून आंतरराष्ट्रीय नियमांत कोर्टाबाहेरून प्रशिक्षकाने सूचना देण्याला, आयोजकांची संमती असेल तर, वाव मिळाला आहे. मोठ्यांच्या खेळात ते चालेलही. पण सोय आहे म्हणून बोललेच पाहिजे असे नाही. बारा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या चुकीबरोबर एकट्याने राहता येणे ही टेनिसची सर्वांत मोठी देणगी आहे. बारावीच्या निकालाच्या दिवशी, पहिल्या मुलाखतीत नकार मिळाल्यावर, दुकान तोट्यात गेल्यावर तीच कामी येते, फोरहँड नव्हे. क्लबांनी आणि शाळांनी मुलांच्या सामन्यांत पालकांना बसायला जरा लांब खुर्च्या मांडाव्यात, आणि पालकांनी घरी जाताना ‘‘जिंकलास का?’’ याआधी ‘‘भूक लागली का?’’ असे विचारावे, एवढी माझी सूचना आहे.

आणि मूल हरले म्हणून काय बिघडते? सांगलीचे नंदू नाटेकर तरुणपणी टेनिस खेळत. १९५१-५२ च्या सुमारास कुमार गटाच्या राष्ट्रीय विजेतेपदासाठी खेळताना ते रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरले आणि बॅडमिंटनकडे वळले. १९५६ मध्ये क्वालालंपूरला परदेशातली आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय ठरले, १९६१ साली पहिल्या अर्जुन पुरस्काराच्या मानकऱ्यांत त्यांचे नाव आले. गंमत म्हणजे त्यांचे चिरंजीव गौरव टेनिसकडे वळले आणि १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडरबरोबर दुहेरीचे सुवर्ण घेऊन आले. हरलेला सामना कोणाला कुठे घेऊन जाईल, हे जाळीबाहेर उभ्या असलेल्या बापाला कळत नसते.

माझ्या मुलीचे पुढे चांगले झाले. शिकली, नोकरी केली, संसार थाटला. टेनिसचा विषय आमच्यात निघत नसे. म्हणून तीन वर्षांपूर्वी तिनेच नातीला रॅकेट घेऊन दिली, तेव्हा मला काय वाटले ते लिहिता येत नाही. देताना तिने एकच अट घातली होती, ‘‘बाबा, शिकवा खुशाल. वही नको.’’

त्या दिवशी शेडमध्ये नातीला मी एवढेच सांगितले, ‘‘आज चेंडू चुकला की लगेच दुसरा घ्यायचा नाही. भिंतीकडे पाठ करायची, दारापर्यंत चालत जायचे, मोठा श्वास सोडायचा आणि मगच परत यायचे.’’ तिला हा खेळ आवडला. खोपोलीच्या वीजघरासाठी वळवणच्या तलावात चार महिन्यांचा पाऊस वर्षभरासाठी साठवतात, तशी तिने त्या पावसाळ्यात ही एक सवय साठवली.

खंडेनवमीला आमच्या घरी पाट्यावर विळी, हातोडी, माझे जुने फाउंटन पेन आणि नातीची रॅकेट अशी पूजा मांडली गेली. हळदकुंकू वाहून मी उठलो, तर शेजारी आणखी एक रॅकेट ठेवलेली दिसली. जुनी, तारा सैल झालेली, मुठीवरची पट्टी उसवलेली. कपाटावरची. कोणी ठेवली हे मी विचारले नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कोर्टावर रोलर फिरला. आमचा मार्कर आता साठी उलटलेला, गुडघ्याला पट्टी बांधून रेघा आखत होता. मायलेकी नेटच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. पहिलाच चेंडू मुलीने आमराईत धाडला. तिने पाठ फिरवली, एक श्वास सोडला आणि हसली. मी कडेच्या बाकावर बसलो होतो. मला बरेच काही सुचत होते. मी काहीही बोललो नाही.